अमेरिकी कॉलेजातली गळती नेमकी कुठे होते, ते असं शोधा

अमेरिकेतल्या कॉलेजांत शिकवणाऱ्या किंवा प्रशासनात असलेल्या मराठी मंडळींसाठी हे टिपण. कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूलनिवासी विद्यार्थी पदवी न घेताच निघून जातात, तेव्हा ‘मुलंच कच्ची होती’ म्हणून विषय मिटवू नका. आधी आकडे फोडून बघा.

पदवी पूर्ण होण्याचा जो सरकारी दर सगळीकडे छापून येतो, त्यात चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षं धरतात आणि हिशेब फक्त पहिल्यांदाच व पूर्णवेळ दाखल झालेल्यांचा असतो. अर्धवेळ शिकणारी, दुसऱ्या कॉलेजातून आलेली मुलं त्यात नसतात. म्हणून स्वतःची यादी करा. एका वर्षी फॉल सेमिस्टरला (शरद ऋतूतलं सत्र) आलेले सगळे घ्या, प्रत्येकापुढे वंश, पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मिळणारं सरकारी अनुदान) आहे की नाही, पूर्णवेळ की अर्धवेळ हे लिहा आणि दर सेमिस्टरला किती उरले ते मोजा. एखादा गट दहा-बारा जणांचाच असेल तर तीन वर्षांचे प्रवेश एकत्र करा. नाहीतर दोघं गेले तरी टक्केवारी कोसळते.

आता गेलेल्यांची फीची खाती उघडा. सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा. जीपीए (4 पैकी सरासरी गुणांक) 2.0 च्या वर आणि थकबाकी जेमतेम काही शे डॉलर, असे किती जण आहेत? थकबाकीमुळे नोंदणी अडते, नोंदणी नाही म्हणून पुढची आर्थिक मदत मिळत नाही, आणि चांगला शिकणारा मुलगा कामाला लागतो तो परत येतच नाही. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने 2011 पासून अशांना छोटी अनुदानं द्यायला सुरुवात केली. सरासरी रक्कम साधारण 900 डॉलर. अर्जाची वाट न बघता विद्यापीठच यादी काढून मदत देऊ करतं. खरी मेख इथेच आहे, कारण अर्ज मागितला की ज्याला सर्वात निकड तोच मागे राहतो. तुम्हीही यादी फीच्या शेवटच्या तारखेआधी दहा दिवस काढा, पदवीच्या जवळ पोचलेल्यांना आधी घ्या, आणि या पैशामुळे त्यांची दुसरी मदत कापली जाणार नाही ना, हे आर्थिक मदत कार्यालयात आधीच विचारून ठेवा.

क्रेडिटचाही हिशेब मांडा. क्रेडिट म्हणजे अभ्यासक्रमाचा भार मोजायचं एकक. आर्थिक मदतीसाठी सेमिस्टरला 12 क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ, पण चार वर्षांच्या पदवीला साधारण लागतात 120. दर सेमिस्टरला 12च घेतले तर काहीही नापास न होता पाच वर्षं जातात. हे पहिल्याच भेटीत सांगा.

पहिल्या वर्षाच्या गणितात डी (काठावरचा दर्जा), एफ (नापास) आणि मध्येच विषय सोडणारे मिळून एक तृतीयांश होत असतील, तर दोष शिकवण्याच्या रचनेत शोधा. प्रत्येक तुकडीचा आकडा वेगळा बघा.

न्यूयॉर्कच्या क्युनीचा (शहराचं सार्वजनिक विद्यापीठ) ‘असॅप’ कार्यक्रम 2007 मध्ये सुरू झाला. त्यात फीची उरलेली तफावत, पुस्तकं, बस-मेट्रोचा पास आणि ठरलेला सल्लागार हे सगळं एकत्र देतात. चाचणीत दोन वर्षांची पदवी तीन वर्षांत मिळवणारे 22 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेले. यातली एखादीच गोष्ट उचलून एवढ्या फळाची अपेक्षा धरणं चूक.

कोणता विद्यार्थी सोडून जाण्याची शक्यता आहे, याची सूचना देणारं सॉफ्टवेअर घेणार असाल तर त्यात वंश घालू नका. वंशामुळे धोक्यात दिसणाऱ्या मुलांना सल्लागार नकळत सोप्या विषयांकडे ढकलू शकतात. गुण घसरल्याची सूचना आली की दोन दिवसांत फोन करा. नुसता ईमेल न उघडताच पडून राहू शकतो.