गणपती आटोपले की जपानी आयरिस लावा

मखर बेसमेंटमध्ये गेलं, पाहुणे पांगले, की बॅकयार्डकडे बघायला सवड होते. न्यू जर्सी, पूर्व पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट आणि न्यूयॉर्कचा दक्षिण भाग या पट्ट्यात जपानी आयरिस हे बारमाही फुलझाड लावायचा आणि त्याचे जुने गड्डे फोडायचा मोसम नेमका हाच आहे. ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरअखेर. जमीन गोठायच्या आधी मुळांना निदान सहा आठवडे मिळाले पाहिजेत, एवढा साधा हिशेब. एप्रिलमध्येही लावता येते, पण मग पहिला अख्खा उन्हाळा होज घेऊन तिच्यामागे धावावं लागतं.

आधी कोणती आयरिस ते पक्कं करू. मे महिन्यात न्यू जर्सीतल्या मॉन्टक्लेअरच्या प्रेस्बी बागेत आपण जी पाहायला जातो ती बहुतेक दाढीवाली (बिअर्डेड) आयरिस. तिचा गड्डा मातीवर उघडा ठेवतात, तिला कोरडी जमीन लागते आणि थोडा चुना तिला चालतो. जपानी आयरिसचं सगळं उलट. गड्डा मातीत हवा, पाणी भरपूर हवं, चुना अजिबात नको. दाढीवालीबद्दल वाचलेला सल्ला हिला लावून मारलेली रोपं मी बरीच पाहिली आहेत, त्यातली दोन माझी स्वतःची.

शास्त्रीय नाव आयरिस एन्साटा. जुन्या कॅटलॉगमध्ये आयरिस केम्फेरी असं सापडेल, ती हीच. जपानी लोक तिला हानाशोबू म्हणतात. हाना म्हणजे फूल आणि शोबू म्हणजे आपलं वेखंड. तेच ते, तान्ह्या बाळाच्या गुटीत उगाळायचं. तिकडे ५ मेच्या मुलांच्या सणाला वेखंडाची पानं आंघोळीच्या पाण्यात टाकतात. वेखंडासारखी पानं आणि वर हे फूल, म्हणून ‘फुलाचं वेखंड’. ओळखायची खूणही पानातच आहे. पानाच्या मधोमध बोट फिरवा, उठावदार शीर लागते. सैबेरियन आयरिसचं पान सपाट लागतं. मात्र पाणथळीत वाढणाऱ्या पिवळ्या आयरिसलाही अशी शीर असते, तेव्हा नुसत्या पानावर विसंबून कुणाच्या नाल्याकाठचा गड्डा उचलून आणू नका. ती पिवळी ओढे-तळी व्यापून टाकते आणि इथल्या काही राज्यांत तिच्या विक्रीला बंदी आहे.

फूल ४ ते ८ इंच रुंद, पसरट, ताटलीसारखं. तीन पाकळ्यांचं एकेरी, सहांचं दुहेरी, त्याहून जास्त पाकळ्यांचंही मिळतं. एदो काळात, म्हणजे टोकियोचं नाव एदो होतं तेव्हा, मात्सुदायरा सादातोमो (१७७३–१८५६) या सरदाराने जन्मभर हिच्या जाती घडवल्या. एदो, इसे आणि हिगो असे तीन घाट आजही मानतात. एदोची फुलं बागेत फिरताना पाहायची. कुमामोतोकडची हिगो जात कुंडीत वाढवून, फुलली की घरात आणून समोर बसून पाहायची. आपल्याला यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे हे फूल वरून पाहायचं आहे. डेकच्या कडेला खाली लावा, कठड्याला टेकून चहा घेताना पूर्ण दिसेल. उंच कुंपणालगत लावलं तर नुसत्या कडा दिसतात.

तिकडचे फोटो पाहून एक गैरसमज होतो. टोकियोतल्या होरिकिरीच्या बागेचं चित्रकार हिरोशिगेचं १८५७ सालचं चित्र असो की आजचे फोटो, आयरिस पाण्यात उभी असल्यासारखी दिसते. मग इथे लोक तिला तळ्यात बुडवतात. तिकडे बऱ्याच बागांत वाफ्यांत पाणी सोडतात ते फुलांच्या दिवसांत, नंतर काढून टाकतात. कोकणातल्या माणसाला हे भाताच्या हिशेबाने लगेच कळेल. निसवताना खाचरात पाणी हवं, नंतर खाचर सुकलं पाहिजे. आयरिसला वाढीच्या आणि कळ्यांच्या दिवसांत, एप्रिल ते जून, पाय ओले चालतात. हिवाळ्यात तेच पाणी गोठलं की गड्डा सडतो. म्हणून जागा निवडताना मार्चमधलं डबकं बघा. बर्फ वितळल्यावर आठवडाभर पाणी साचून राहतं ती जागा नको. डाउनस्पाउटचं, म्हणजे छपरावरून उतरणाऱ्या नळाचं, पाणी येऊन पुढे निघून जातं, जिथे आपण अळू लावतो, ती जागा उत्तम. ऊन मात्र निदान सहा तास हवं. अळू सावलीत भागवून घेतं, ही नाही.

आता खरेदी. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठ्या दुकानांत रंगीत चित्राच्या प्लास्टिक पिशव्या टांगलेल्या दिसतात. आत पीटमध्ये गुंडाळलेला गड्डा असतो. मी एका वर्षी अशा चार पिशव्या आणल्या. उघडल्या तर दोन सुक्या सुंठीसारख्या, एक बुरशी धरलेली, आणि चौथी जगली ती फुलल्यावर सैबेरियन निघाली. दाढीवाली आयरिस अशी सुकून आली तरी तग धरते. जपानीची मुळं सुकली की परत येत नाहीत. त्यामुळे जी फक्त आयरिस किंवा बारमाही फुलझाडं पिकवते अशा नर्सरीकडून मागवा. त्यांची यादी वसंतात निघते, चांगल्या जाती लवकर संपतात, आणि माल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुळं ओलसर कागदात गुंडाळून येतो. दोन-तीन फुटव्यांचा तुकडा घ्या. एकच फुटवा स्वस्त पडतो, पण एक वर्ष मागे राहतो. यंदा मागवायचं राहिलं असेल तर शिल्लक काय आहे ते विचारून बघा, नाहीतर जवळच्या नर्सरीत कुंडीतलं रोप मिळतं का पाहा. कुंडी उलटी करून मुळं बघायला लाजू नका. पांढरी, टणक मुळं दिसली की घ्यावं.

रंगांच्या बाबतीत सावध. पांढरा, जांभळा, निळसर जांभळा, गुलाबी, वाइनसारखा लालसर, आणि पांढऱ्यावर जांभळ्या शिरा, एवढ्यातच खऱ्या जपानी आयरिसचा सगळा खेळ आहे. पाकळीच्या बुडाशी पिवळी रेघ असतेच, पण अख्खं पिवळं फूल हवं तर ती पिवळ्या आयरिसशी केलेली संकरित जात असते. निळ्याशार, काळ्या किंवा सप्तरंगी आयरिसचं बी ऑनलाइन विकणारे सरळ फसवतात. बियांपासून मूळ जात तशीच उतरत नाही, आणि फूल दिसायला दोन-तीन वर्षं जातात.

जाती निवडायचा सोपा मार्ग म्हणजे पेन मेडल मिळालेल्या जाती बघायच्या. इंडियाना राज्यातल्या आर्ली पेन यांच्या नावाचं हे पदक अमेरिकेत जपानी आयरिससाठी दिलं जातं. पहिल्यांदाच लावणाऱ्यांनी ‘रोझ क्वीन’ घ्यावी, जुनी, गुलाबी, चिवट. ‘व्हेरिगाटा’च्या पानांवर पांढरे पट्टे असतात, फूल नसतानाही वाफा बरा दिसतो. पांढऱ्यावर जांभळ्या शिरांची ‘कॅप्रिशियन बटरफ्लाय’ माझी लाडकी. थंडीची काळजी नको. करिअर मॅकइवन हे संधिवाताचे डॉक्टर मेन या उत्तरेकडच्या थंड राज्यात या आयरिसच्या जाती घडवत होते. त्यांनी कोल्चिसिन वापरून गुणसूत्रं दुप्पट केली, आणि जाड पाकळ्यांची फुलं मिळवली. गाऊटवर देतात तेच कोल्चिसिन! मेनच्या हिवाळ्यात जे टिकतं ते न्यू जर्सीच्या एडिसनला सहज टिकेल.

ज्या गोष्टीने इथे सगळ्यात जास्त आयरिस मरतात ती म्हणजे चुना. हिला मातीचा सामू, म्हणजे पीएच, ५.५ ते ६.५ लागतो. सात ओलांडला की पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोहाची कमतरता. लोह मातीत असतंच, चुन्यामुळे मुळांना उचलता येत नाही. आपल्याकडे लॉन सांभाळायला येणारी माणसं शरद ऋतूत यंत्राने चुन्याचे दाणे फेकत जातात. ते दाणे लॉनच्या कडेला थांबत नाहीत. माझ्या वाफ्याची जी बाजू लॉनला लागून होती तिथली ओळ दुसऱ्या वर्षी पिवळी झाली, आतली ओळ हिरवीगार. कारण कळायला मला अख्खा उन्हाळा लागला. तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवा, वाफ्यापासून चार-पाच फूट लांब.

दुसरा चुना आपण स्वतः घालतो. गुलाबाला चांगली म्हणून अंड्याची टरफलं, फायरप्लेसची राख, बोनमील. यातलं काहीही इथे नको. चहाचा चोथा चालेल. पाइनच्या सुया घातल्याने माती आंबट होते असं सांगतात, प्रत्यक्षात फारसा फरक पडत नाही, पण आच्छादन म्हणून त्यांच्यासारखं काही नाही. माती तपासून घ्या. रटगर्स विद्यापीठाची माती परीक्षण प्रयोगशाळा आहे, काउंटीच्या शेती विस्तार कार्यालयाकडून नमुना कसा घ्यायचा ते कळतं. सामू जास्त निघाला तर गंधक टाकायचं, पण अहवालात दिलेल्या मापानेच. गंधकाचं काम मातीतले जिवाणू करतात, त्याला काही महिने लागतात. आज टाकलं तर पुढच्या उन्हाळ्यात उपयोग. घाई असेल तर तळाशी छिद्रं असलेल्या मोठ्या कुंडीत लावा.

पार्सल आलं की गड्डे रात्रभर बादलीत पाण्यात ठेवा. दोन-तीन दिवस राहिले तरी बिघडत नाही, कोरडे मात्र एक दुपारही ठेवू नका. फूटभर खोल माती भुसभुशीत करून त्यात कुजलेलं शेणखत किंवा पानांचं कंपोस्ट मिसळा. ताजं खत नको, रासायनिक खतही लावताना नको. गड्डा मातीखाली दोन ते तीन इंच, दोन रोपांत दीड फूट अंतर. पानं सहा-आठ इंचांवर कापून टाका. भोवती उथळ आळं करा, म्हणजे पाणी तिथेच जिरेल. पहिले सहा आठवडे माती सुकू द्यायची नाही. हातमोजे घाला, रसाने हाताला खाज सुटते, आणि कुत्रं-मांजर असेल तर गड्ड्याचे तुकडे इकडेतिकडे टाकू नका, ते विषारी असतात.

जुनी आयरिस असलेल्यांसाठी आत्ताचं मोठं काम म्हणजे फोडणी. (कढईतली नव्हे.) या आयरिसची नवी मुळं दर वर्षी जुन्या मुळांच्या वर फुटतात. तीन-चार वर्षांत गड्डा वर वर चढत मातीबाहेर डोकावायला लागतो, नव्या मुळांना माती मिळत नाही आणि फुलं रोडावतात. एडिसनच्या एक वहिनी मला दर जूनला फोन करून विचारायच्या, खत कुठलं घालू? शेवटी जाऊन पाहिलं. सहा वर्षांचा गड्डा, मधोमध पोकळ, कडेने फुटव्यांची कडी, नुसत्या परातीसारखा. खताने काय होणार?

सगळ्या बाजूंनी कुदळ मारून गड्डा उचला. होजच्या जोरदार धारेने माती धुवा, मग काय कुठे आहे ते दिसतं. वरची मुळं पांढरी, जाडसर. खालची तपकिरी, सुतळीसारखी लोंबणारी, ती मेलेली. ती कापून टाका. हळदीचा गड्डा हाताने मोडतो तशी ही मोडत नाही. दोन काटेरी फावडी पाठीला पाठ लावून मधे रोवा आणि दांडे फाका, किंवा सरळ जुनी करवत घ्या. प्रत्येक तुकड्याला दोन ते चार फुटवे आणि थोडी तरी पांढरी मुळं हवीत. मधला पोकळ भाग फेका. हे सगळं सावलीत, बादली शेजारी ठेवून.

आणि त्याच खड्ड्यात परत लावू नका. जिथे जपानी आयरिस वाढली त्या मातीत तीन वर्षं तरी दुसरी जपानी आयरिस जोर धरत नाही. जागाच नसेल तर फूट-दीड फूट माती काढून लॉनच्या दुसऱ्या कोपऱ्यातली माती भरा. त्या जुन्या मातीत टोमॅटो, भेंडी मजेत होतात.

पुढचं थोडक्यात. नोव्हेंबरमध्ये पानं तपकिरी झाली की इंचभर ठेवून कापा आणि पिशवीत भरून बाहेर द्या, घरच्या कंपोस्टमध्ये नाही. गड्डा पोखरणाऱ्या पतंगाची अंडी याच वाळक्या पानांवर हिवाळा काढतात. जमीन गोठल्यावर पाइनच्या सुयांचा दोन-तीन इंच थर द्या. फेब्रुवारीत गोठणं-वितळणं सुरू झालं की नवी रोपं मातीतून वर उचलली जातात. दिसली की माती मऊ असताना हाताने दाबून परत बसवा, वर थोडी माती टाका.

खत दुसऱ्या वर्षापासून. कोंब चार-सहा इंच झाले की अझेलिया-ऱ्होडोडेंड्रॉनचं आम्लधर्मी खत, आणि फुलांच्या जरा आधी दुसरा हप्ता, बुंध्यापासून लांब टाकून. मेमध्ये पानाच्या कडा कुरतडलेल्या किंवा आत ओलसर रेघ दिसली तर पान दोन बोटांत दाबत खालपर्यंत या, आतली अळी चिरडली जाते. हरणं हिला सहसा तोंड लावत नाहीत. हरणांपायी होस्टाची झाडं गमावून बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

भारतातून विचारणा येते म्हणून सांगतो, पुण्या-नाशिकला हा खटाटोप करू नका. काळ्या जमिनीत चुनखडी आणि खरा हिवाळा नाही, दोन्हीकडून गाडी अडते. इथून गड्डे बॅगेत टाकून नेणं तर अजिबात नको, रोपांना आरोग्य प्रमाणपत्र आणि आयातीचा परवाना लागतो.

फुलं जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत येतात, दाढीवालीच्या जवळपास महिनाभर मागून. एक फूल तीनेक दिवस टिकतं, दांडीवर दोन-तीन कळ्या एकापाठोपाठ उमलतात. पहिल्या वर्षी एखादंच आलं तर तक्रार नको. फूल कोमेजलं की बुडाशी फुगवटा राहतो, ती शेंग. ती लगेच खुडा. राहिली तर बी गड्ड्यातच पडून रुजतं, रोपं जोमाने वाढतात, आणि तीन वर्षांनी तुमच्या ‘रोझ क्वीन’मध्ये भलत्याच रंगाची फुलं यायला लागतात.