तौलनिक संविधान शिकवायचंय? खान्देशातल्या पोरापोरींसाठी थोडं

दर निकालानंतर जळगाव-धुळ्याकडून फोन येतात, "दादा, एलएलबी झाली पण कोर्टात मन लागत नाही, संविधान शिकवायचंय, काय करू?" म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी कागदं. एलएलएमला (कायद्याची पदव्युत्तर पदवी) ५५ टक्के (राखीव असाल तर ५०), मग नेट नाहीतर सेट, म्हणजे प्राध्यापकाची पात्रता परीक्षा. २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरला पीएचडी सक्तीची नाही पण असोसिएट व्हायला लागतेच, त्यामुळे टाळू नका. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) बसली तर घरी पैसे मागायला लागत नाहीत, नाहीतर तासिका तत्त्व (तासागणिक मानधनावर शिकवणं) आहेच, मी तीन वर्षं काढली, मानधन कधी दिवाळीला कधी थेट उन्हाळ्यात, तोवर गाडीचं पेट्रोल मोठा भाऊ टाकायचा.

आता खरं काम, म्हणजे वेगवेगळ्या देशांची संविधानं एकमेकांशी ताडून बघणं. माझ्या एलएलएमच्या डिझर्टेशनमध्ये (प्रबंधात) अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जर्मनी, भारत, प्रत्येकाला एकेक चॅप्टर होता. सरांनी चाळलं आणि म्हणाले, "हे पाच निबंध आहेत रे, तू फक्त स्पायरल बाइंडिंग केलंयस." राग आला, पण बरोबर होतं.

एकच प्रश्न धरा. मूलभूत चौकट घ्या, म्हणजे संविधानाचा जो गाभा घटनादुरुस्तीनेही मोडता येत नाही तो. जर्मनीच्या १९४९ च्या संविधानात कलम ७९(३) ने काही गोष्टी घटनादुरुस्तीच्या आवाक्याबाहेर ठेवल्या, डिट्रिच कॉनराड हा जर्मन अभ्यासक १९६५ ला बनारस हिंदू विद्यापीठात याच मर्यादांवर बोलला, आणि १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या ७ विरुद्ध ६ निकालाने आपल्याकडे चौकट आली. त्यांच्याकडे ती कलमात लिहिलेली, आपल्याकडे कोर्टाने अर्थ लावून काढलेली, आणि १९८९ ला बांगलादेशच्या कोर्टानेही उचलली. असं का झालं, हे शोधलं की तुमचा पेपर उभा राहतो.

विषयासाठी लांब जायची पण गरज नाही. आपल्या नंदुरबारचं धडगाव, अक्कलकुवा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत (आदिवासी क्षेत्रांसाठीची) आहे, १९९६ चा पेसा (तिथल्या ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा) लागू आहे, जमीन संपादनाआधी सल्लामसलत करावीच लागते. कोलंबियाच्या संविधान कोर्टाने अशीच आधीची सल्लामसलत आदिवासींचा मूलभूत हक्क मानलीय. मग "विचारलं" कशाला म्हणायचं? धडगावकडे एका ग्रामसभेत बसलो होतो, तासभर चर्चा पावरी बोलीत, रजिस्टरात ठराव मराठीत चार ओळी, आणि खाली सह्या नि अंगठे. बोललेलं किती आणि उतरलेलं किती, यावर अख्खी पीएचडी होते भो!

साहित्य फुकट आहे. संविधान सभेच्या चर्चा नेटवर आहेत, जर्मन संविधान कोर्टाचे बरेच निकाल त्यांच्याच साइटवर इंग्रजीत मिळतात, दक्षिण आफ्रिकेचे सॅफली (SAFLII) या साइटवर. तिथल्या संविधान कोर्टाने १९९५ ला 'मकवान्याने' (Makwanyane) खटल्यात फाशी रद्द केली तो निकाल पहिला वाचा, त्यात आपल्या बचन सिंग खटल्याची (फाशी वैध ठरवणारा) चर्चा आहे, परका वाटणार नाही. इंग्रजी जड जाईल, मलाही गेलं, दिवसाला दहा पानं, बास.

आणि "आठ दिवसात छापून देतो, आधी फी पाठवा" असा जर्नलचा मेसेज आला तर सरळ ब्लॉक करा, मी एकदा पाठवलेली.