वारंवार पडणाऱ्या आरसीसीबीचा दोष कसा शोधावा

घरातील वीज वरचेवर जाऊ लागली की बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘एमसीबी खराब झाली का?’ असा असतो, आणि तेथूनच चुकीच्या खर्चाला सुरुवात होते. डीबीचे, म्हणजे घरातील वीजवाटपाच्या पेटीचे, झाकण उघडून नेमके काय पडले (आपोआप बंद झाले) आहे, एमसीबी (जादा भार किंवा शॉर्ट झाल्यास वीज तोडणारा स्विच) की ‘टेस्ट’चे बटण असलेली आरसीसीबी (प्रवाह अर्थकडे गळल्यास वीज तोडणारा स्विच), हे आधी पाहावे.

एमसीबी पडत असेल तर काम सोपे आहे. ती चालू करताक्षणी पडली तर शॉर्ट समजावा. काही वेळाने पडली तर भार मोजावा. जुन्या घरात १६ अँपिअरच्या एकाच एमसीबीवर २००० वॅटचा गिझर, तेवढ्याच वॅटची इंडक्शन शेगडी आणि १५०० वॅटची किटली एकत्र चालत असेल, तर प्रवाह २४ अँपिअरच्या आसपास जातो आणि एमसीबी आपले काम चोख करते. अशा वेळी ‘३२ची टाकून देतो’ म्हणणाऱ्या वायरमनला चहा पाजून परत पाठवावे, कारण भिंतीतील अडीच चौरस मिलिमीटरची वायर तीच राहते आणि पुढच्या वेळी एमसीबीऐवजी ती तापते.

आरसीसीबी पडत असेल तर सर्व एमसीबी बंद करून ती वर करावी आणि मग एकेक एमसीबी चालू करत जावी. जिच्यामुळे ती पडेल त्या सर्किटवरील उपकरणांचे प्लग काढून पुन्हा पाहावे. गिझरची कॉइल, पाण्याची मोटर आणि पावसाळ्यात बाल्कनीतील दिवा हे नेहमीचे आरोपी आहेत.

एवढ्याने दोष सापडला नाही, किंवा सर्व एमसीबी बंद असतानाही आरसीसीबी पडत राहिली, तर खरी परीक्षा सुरू होते. माझ्या स्वतःच्या घरात गिझर लावला की आरसीसीबी पडत असे. मी गिझरची कॉइल बदलली, मग आरसीसीबी बदलली, आणि दोन्ही खर्च वाया गेले. आरसीसीबी फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परतला की नाही एवढेच पाहते. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची असते आणि या दोहोंतील फरक १५ मिलिअँपिअरच्या पुढे गेला की कधीही पडू शकते. डीबीतील एकेरी एमसीबी मात्र फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. त्यामुळे एखादा न्यूट्रल कुठे अर्थला टेकला असेल, तर दुसऱ्याच सर्किटवर मोठा भार आला की परतीच्या प्रवाहाचा काही भाग अर्थमधून निघून जातो आणि निर्दोष गिझरवर खापर फुटते. माझ्याकडे पंख्याच्या बोर्डाच्या लोखंडी बॉक्समध्ये एका स्क्रूखाली न्यूट्रल चेपला होता. त्या खोलीची एमसीबी मी बंद करून पाहिली होती, म्हणून तिच्यावर संशयच घेतला नव्हता.

हा दोष न्यूट्रल सोडवूनच सापडतो. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे, परंतु तो ते करतो आहे की नाही यावर लक्ष ठेवावे. मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून टेस्टरने खात्री करावी. मेन बंद असतानाही इन्व्हर्टर डीबीत वीज आणतो, हे विसरणारे अनुभवी लोकही मी पाहिले आहेत. सर्व प्लग काढावेत, न्यूट्रल लिंकमधील (डीबीतील सर्व न्यूट्रल जोडलेल्या पट्टीतील) प्रत्येक वायरला क्रमांकाची चिकटपट्टी लावावी आणि मगच त्या सोडवाव्यात. प्रत्येक न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावल्यावर रोध काही ओहमच दिसला, तर ती वायर अर्थला टेकलेली आहे. दोन सुट्या न्यूट्रलमध्येच जोड दिसला तर कुणीतरी बोर्डात ते एकत्र केले आहेत. इन्व्हर्टर बसवताना ही चूक सर्रास होते, आणि घरात दोन आरसीसीबी असतील तर एकीकडून गेलेला प्रवाह दुसरीकडून परतून दोन्ही पडू शकतात.

मल्टिमीटर काहीच दाखवत नसेल तर ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासण्याचे मीटर) मागवावा, कारण ओलसर इन्सुलेशन मल्टिमीटरच्या बॅटरीवर धडधाकट दिसते. मेगरवर एक मेगओहमपेक्षा कमी वाचन आले तर ते सर्किट वापरू नये.

आरसीसीबी ‘तात्पुरती’ बायपास करून ठेवण्याचा सल्ला कुणाचाही असो, मानू नये. दुरुस्तीनंतर सर्व न्यूट्रल आपापल्या जागी घट्ट आवळावेत आणि वीज चालू करून टेस्टचे बटण दाबावे. आरसीसीबी तत्काळ पडली नाही तर मात्र ती खरोखरच बदलावी.