गचका न बसता गिअर कसा बदलायचा

आधी क्लचखालची मॅट बघा. जाड रबरी मॅट पुढे सरकून पेडलखाली गोळा झाली की क्लच शेवटचा अर्धा इंच दाबलाच जात नाही, क्लचची प्लेट इंजिनापासून पूर्ण सुटत नाही आणि गिअर करकरतो. दोष मात्र गिअरबॉक्सच्या नावावर जातो. मॅट मागे ओढा, हुकात अडकवा. सीट इतकी पुढे घ्या की क्लच तळाला टेकल्यावरही डावा गुडघा थोडा वाकलेला राहील.

आता गचक्याचं गणित. नेहमीच्या छोट्या पेट्रोल गाडीत पहिल्या गिअरचं गुणोत्तर (गिअरबॉक्समधून एक फेरा बाहेर पडायला इंजिनाचे किती फेरे लागतात ते) साधारण ३.५, दुसऱ्याचं १.९ आणि तिसऱ्याचं १.३ असतं. पहिल्यात इंजिन २५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला २५०० फेऱ्यांवर, असताना दुसरा टाकला, तर त्याच वेगाला इंजिन १३५०च्या आसपास यायला हवं. म्हणजे ११०० पेक्षा जास्त फेरे उतरायचे. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हाच फरक ८०० वर येतो. पहिला-दुसरा बदल सगळ्यात जास्त गचका देतो तो यामुळेच. फेरे उतरायच्या आत क्लच सोडला की गाडी पुढे उसळते. फार उशीर झाला की नाक खाली घालते.

जुन्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडला की फेरे धाडकन पडायचे. २०२० नंतरच्या बीएस-६ पेट्रोल गाड्यांत बऱ्याचदा तसं होत नाही. अ‍ॅक्सिलरेटरला तार नसते, सेन्सर असतो, आणि धुरातलं प्रदूषण आटोक्यात ठेवण्यासाठी कॉम्प्युटर थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची हवेची झडप, हळूहळू बंद करतो. पाय काढल्यावरही काटा क्षणभर वरच रेंगाळतो. त्यामुळे जुन्या गाडीवर बसलेली झटपट सवय नव्या गाडीत उलटते. उपाय साधा आहे: क्लच दाबायच्या किंचित आधी अ‍ॅक्सिलरेटर सैल करायला लागा. दोन्ही पाय एकदमच हलले तर चालतं, पण उजवा मागे राहिला की इंजिन भुंकणारच.

पहिल्यातून दुसऱ्यात असं जा. १५ किमीच्या आसपास, इंजिन २००० आरपीएमला असतानाच. क्लच तळापर्यंत. लिव्हर न्यूट्रलला आणा आणि मनात ‘एक’ म्हणण्याइतकं थांबा. मग दोन बोटांच्या जोराने दुसऱ्याकडे दाब देत राहा. आत पितळी सिंक्रोनायझर रिंग गिअरच्या शंकूवर घासून दोघांचा वेग जुळवत असते. ते जुळलं की लिव्हर आपोआप आत ओढल्यासारखी जाते. ते ‘ओढल्यासारखं’ हाताला कळायला लागलं की निम्मं काम झालं. त्याआधी हिसका दिलात तर झीज त्या रिंगची. आता क्लच पकड घेतो तिथपर्यंत पटकन सोडा, तिथे अर्धा सेकंद थांबा, मग उरलेला सोडा. अ‍ॅक्सिलरेटर त्यानंतर, हळूहळू. वरच्या गिअरना इतकं थांबावं लागत नाही.

हाताची पकडही महत्त्वाची. आपल्याकडे लिव्हर डाव्या हाताला. पहिल्या-दुसऱ्यासाठी तळवा शेजारच्या सीटकडे करून लिव्हर हलकी तिकडे रेटा. तिसऱ्या-चौथ्यासाठी आडवा जोर बिलकूल नको. दुसऱ्यातून न्यूट्रलला आलात की मूठ सैल करा, आतली स्प्रिंग लिव्हर मधोमध आणून सोडते. मग सरळ पुढे. घाईत तिरकं ढकलणाऱ्याचा तिसऱ्याऐवजी पाचवा पडतो. आणि बदल झाल्यावर हात स्टिअरिंगवर. लिव्हरवर हात टेकून बसलात की आतल्या, गिअर सरकवणाऱ्या शिफ्ट फोर्कवर सतत दाब राहतो.

खाली येताना गणित उलटं होतं. चौथ्यात २००० आरपीएमला असलेलं इंजिन तिसऱ्यात साधारण २६५० मागतं. क्लच दाबलेला असतानाच उजव्या पायाने थोडी रेस द्या. नव्या गाड्यांत नुसती टिचकी मारून काही होत नाही, अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबून धरावा लागतो. हे जमेपर्यंत ब्रेकने वेग उतरवून मगच खालचा गिअर टाका.

खंडाळ्यासारखा घाट उतरताना गिअर उतार लागायच्या आधी टाका. चढताना जो गिअर लागला असता साधारण तोच. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचतं हा समज अजून गेलेला नाही. उलट गिअरमध्ये पाय काढला की इंजेक्शनची गाडी इंधन बंदच करते, आणि न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो.

रिव्हर्सला अनेक गाड्यांत सिंक्रोनायझर नसतो. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन-तीन सेकंद जाऊ द्या, मग टाका. उभ्या गाडीत पहिला अडला तर दात दातावर आलेला असतो. जोर नको, न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पुन्हा दाबा.

तरीही गिअर जड जात असतील तर गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक लावा आणि इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लच नीट सुटत नाही: केबलचं सेटिंग किंवा हायड्रॉलिकमधली हवा तपासायची. दोन्ही वेळा जड, तर लिव्हरच्या केबल किंवा लिंकेज (लिव्हर गिअरबॉक्सला जोडणाऱ्या दांड्या). चालत्या गाडीत एकाच गिअरला करकर, तर त्या गिअरचा सिंक्रोनायझर संपत आलाय. फक्त थंडीत पहाटे दुसरा जड आणि दोन-तीन किलोमीटरनंतर ठीक, तर तेल घट्ट होतं एवढंच. तोवर सावकाश चालवा.

गिअर ऑइल बदलताना डब्यावरचा ग्रेड स्वतः वाचा आणि मॅन्युअलशी ताडून बघा. जिथे जीएल-४ सांगितलंय तिथे मेकॅनिककडे पडलेलं जीएल-५ नको. त्यातले काही घटक पितळी रिंगला खाऊ शकतात. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लगदा निघणं नेहमीचं आहे. बोटाला टोचणारे कण निघाले, तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल.