वंगणतेलात आयनी द्रव मिसळताना: निवड, प्रमाण आणि चाचणी

आयनी द्रव म्हणजे 100 अंश सेल्सिअसच्या खालीच वितळणारे क्षार. 2001 मध्ये चीनमधील लानचौ येथील संशोधकांनी इमिडाझोलियम वर्गातील असे द्रव वंगण म्हणून तपासले आणि तेव्हापासून झीजशास्त्रात, म्हणजे घर्षण आणि झीज यांच्या अभ्यासात, या विषयाला गती आली. मात्र हे द्रव महाग असल्यामुळे निव्वळ त्यांचेच वंगण करणे बहुतेक ठिकाणी परवडत नाही. तेलात एखादा टक्का मिसळणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. वंगणाच्या प्रयोगशाळेत हे काम प्रथमच हाती घेणाऱ्यांसाठी पुढील मार्गदर्शन आहे.

पहिला प्रश्न विद्राव्यतेचा. खनिज तेल आणि पीएओ (पॉलीअल्फाओलेफिन हे कृत्रिम तेल) ही अध्रुवीय, म्हणजे रेणूत विद्युतभाराची टोके नसलेली, तेले आहेत, त्यामुळे बहुतेक आयनी द्रव त्यांत विरघळत नाहीत, तळाशी वेगळा थर धरतात. क्षाराचे धनभारित आणि ऋणभारित घटक, म्हणजे धनायन आणि ऋणायन, या दोहोंवर लांब, फांद्या असलेल्या कार्बनसाखळ्या असतील तरच ते तेलात सामावतात. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2012 मध्ये प्रसिद्ध केलेले ट्रायहेक्सिलटेट्राडेसिलफॉस्फोनियम बिस(2-इथिलहेक्सिल)फॉस्फेट हे त्याचे उत्तम उदाहरण असून, सुरुवात याच द्रवापासून करावी असे माझे मत आहे. टेट्राफ्लुओरोबोरेट किंवा हेक्साफ्लुओरोफॉस्फेट असलेले द्रव मात्र टाळावेत. ओलाव्याशी संयोग होऊन त्यांतून हायड्रोजन फ्लुओराइड सुटते आणि ज्या पोलादाला वाचवायचे तेच गंजते.

प्रमाण ठरवताना सर्वाधिक गल्लत होते, म्हणून येथे थोडे थांबू. झीजरोधक म्हणून 1940 च्या दशकापासून वापरात असलेल्या झेडडीडीपीशी (झिंक डायअल्किलडायथायोफॉस्फेट, म्हणजे जस्त आणि फॉस्फरस असलेले संयुग) तुलना करायची असेल, तर दोन्ही नमुन्यांत पदार्थाचे वजन नव्हे, फॉस्फरसचे प्रमाण सारखे ठेवावे. घासणाऱ्या पृष्ठभागावरचा संरक्षक थर फॉस्फेटचा बनतो आणि मोटारीतील धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाला बाधतो तोही फॉस्फरसच. म्हणूनच पेट्रोल इंजिनाच्या नव्या तेलांसाठी त्याची कमाल मर्यादा 0.08 टक्के आहे. वरील द्रवाचा रेणुभार सुमारे 805 असून त्यातील दोन फॉस्फरस अणूंचे वजन 62 भरते, म्हणजे सुमारे 7.7 टक्के. त्यावरून 0.08 टक्के फॉस्फरससाठी 1.04 टक्के द्रव लागतो. 500 ग्रॅम मिश्रणात 5.2 ग्रॅम. झेडडीडीपीतील फॉस्फरसचा आकडा पुरवठादाराच्या विश्लेषणपत्रकावरून घ्यावा, कारण तो उत्पादनागणिक बदलतो. दोन्ही एकत्र वापरल्यास अनेकदा एकट्यापेक्षा अधिक संरक्षण मिळते. त्यामुळे निम्मा फॉस्फरस एकातून आणि निम्मा दुसऱ्यातून येईल असा तिसरा नमुनाही अवश्य करावा.

मिसळण्यापूर्वी क्लोराइड तपासावे. हा द्रव बहुधा फॉस्फोनियम क्लोराइडपासून तयार केलेला असतो आणि धुणे अपुरे राहिले तर उरलेले क्लोराइड गंज चढवते. थोडा द्रव ऊर्ध्वपातित पाण्याबरोबर हलवून थर वेगळे होऊ द्यावेत, पाण्याच्या थरात सौम्य नायट्रिक आम्लाचे आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे काही थेंब टाकावेत. पांढरा गढूळपणा आला तर द्रव पुन्हा धुवावा, निर्वातात वाळवावा आणि मगच वापरावा. हातमोजे घालावेत, सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग कातडीवरून लवकर जात नाहीत.

मूळ तेल साधारण 60 अंशांपर्यंत तापवून त्यात द्रव ढवळत मिसळावा, मिश्रण रात्रभर स्थिर ठेवावे आणि उजेडासमोर धरून पाहावे. साका किंवा धूसरपणा दिसल्यास पुढची चाचणी घेण्यात अर्थ नाही.

झिजेसाठी चार गोळ्यांची चाचणी पुरेशी सोयीची आहे. तीत तेलात घट्ट बसवलेल्या तीन गोळ्यांवर चौथी गोळी दाबून फिरवतात. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या डी4172 पद्धतीनुसार 12.7 मिलिमीटर व्यासाच्या गोळ्या, 392 न्यूटन भार, मिनिटाला 1200 फेरे, 75 अंश तापमान आणि एक तास. नंतर खालच्या तिन्ही गोळ्यांवरील व्रणांचा व्यास सूक्ष्मदर्शकाखाली मोजून सरासरी काढावी. गोळ्या हेक्झेनने नुसत्या धुवाव्यात, घासू नयेत, कारण व्रणावर दिसणारा निळसर-तपकिरी थर पुढील विश्लेषणासाठी हवा असतो. मूळ तेल, झेडडीडीपी आणि आयनी द्रव असे नमुने एकाच खेपेतील गोळ्यांवर तपासावेत. घर्षण आणि झीज यांचे निष्कर्ष स्वतंत्रपणे नोंदवावेत. झीज बरीच घटूनही घर्षण जेमतेम बदलले, असे होऊ शकते.

निष्कर्षाची व्याप्ती सांगताना सावध राहावे. झेडडीडीपी थरासाठी जस्त स्वतःबरोबर आणते, तर या द्रवात धातूच नाही. तो लोह घासणाऱ्या पृष्ठभागाकडूनच घेतो. त्यामुळे राख होत नाही हा मोठा लाभ मिळतो, पण पोलादावरचा निष्कर्ष ॲल्युमिनियमला किंवा लेपित भागांना तसाच लागू होत नाही. शिवाय बाजारातील तयार इंजिन ऑइलमध्ये डिटर्जंट (भाग स्वच्छ ठेवणारे) आणि डिस्पर्संट (काजळी तरंगती ठेवणारे) पदार्थ आधीच असतात व तेही पृष्ठभागावरील जागेसाठी स्पर्धा करतात, म्हणून साध्या मूळ तेलात यश आल्यावर पूर्ण तेलात सर्व चाचण्या पुन्हा घ्याव्यात. त्याच टप्प्यावर चकचकीत केलेली तांब्याची पट्टी 100 अंशांवर तीन तास तेलात बुडवून एएसटीएम डी130 च्या रंगतक्त्याशी ताडून पाहावी आणि या सर्वांतून नमुना पार पडेपर्यंत तो कोणत्याही चालत्या इंजिनात ओतू नये.