गावात तीनच घरे असली तरी : किशोरवयीन ख्रिस्ती मुलामुलींसाठी रोजच्या विश्वासाविषयी काही सूचना

विदर्भातल्या बहुतेक खेड्यांत ख्रिस्ती घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात. मंडळी तालुक्याच्या गावी भरते, पाळकसाहेब महिन्यातून एखाद-दोन वेळा प्रार्थनेला येऊन जातात, आणि उरलेले दिवस तुम्ही, तुमचे घर आणि गाव एवढेच असते. अशा घरांतल्या मुलामुलींना मी काही वर्षे संडे स्कूलमध्ये शिकवत आलो आहे. आपण ख्रिस्ती आहोत हे चारचौघांत कसे दाखवावे, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो. माझे उत्तर असे की, ते दाखवण्याची गरजच नाही. अमक्याचा मुलगा चर्चमध्ये जातो, तमक्याची मुलगी कपाळाला टिकली लावत नाही, हे गावाला तुमच्या आधीपासून माहीत असते, आणि तुम्ही बोलता कसे, मोजता कसे, भांडता कसे याकडे गावाचे लक्षही असते. त्यामुळे गावाला जे माहीत आहे ते खरे ठरवणे एवढेच आपल्या हाती उरते.

सुरुवात प्रार्थनेपासून करावी, पण ती आपल्या घराला झेपेल अशा रीतीने करावी. आतल्या खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करावी असे प्रभूने सांगितले आहे (मत्तय, अध्याय 6). आपल्याकडे मात्र दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे असतात, आणि आतल्या खोलीत चूल किंवा धान्याच्या कोठ्या असतात. मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशू पहाटे, अजून अंधार असताना उठून एकांत जागी गेल्याचे वाचायला मिळते, आणि खेड्यातल्या मुलांना पहाटेचा एकांत शहरातल्या मुलांपेक्षा जास्त मिळतो. ढोरांना पाणी दाखवताना, वावराकडे जाताना धुऱ्यावर किंवा एसटीची वाट पाहताना केलेली पाच मिनिटांची प्रार्थना ही प्रार्थनाच आहे. मोठे शब्द लागत नाहीत. आदल्या दिवशी आपण कोणाला काय बोललो ते आठवावे, आज ज्यांना भेटायचे आहे त्यांची नावे घ्यावीत आणि प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणावी. तेविसावे स्तोत्र सहा वचनांचे व एकशेएकविसावे आठ वचनांचे आहे; ही दोन पाठ असली म्हणजे वीज गेली तरी अडत नाही.

वाचनाची गत बहुधा अशी होते की, नव्या वर्षाच्या उपासनेनंतर उत्साहाने उत्पत्तीपासून सुरुवात होते आणि लेवीयपर्यंत पोचेपर्यंत पुस्तक पुन्हा फळीवर जाते. त्याऐवजी मार्कचे 16 अध्याय आधी वाचावेत. चारही शुभवर्तमानांचे मिळून 89 अध्याय होतात, म्हणजे रोज एक वाचला तर जूनअखेरीस शाळा उघडल्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत ती पूर्ण होतात. नीतिसूत्रांचे 31 अध्याय महिन्याच्या तारखेप्रमाणे वाचता येतात. घरातल्या आजीला वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचावे. तुमचे वाचन आणि तिची सेवा एकाच वेळी होते, आणि आजी मध्येच असा एखादा प्रश्न विचारते की ज्याचे उत्तर संडे स्कूलच्या शिक्षकालाही चटकन सुचत नाही. गायनाची आवड असेल तर तीही उपयोगी पडते. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि ओवीत आणली, आणि मराठी मंडळ्यांत ती पदे आजही पेटी-टाळांवर गाइली जातात.

घरातल्या कामाबद्दल थोडक्यातच सांगतो. बारा वर्षांचा येशू मंदिरात शास्त्र्यांबरोबर बसला होता आणि त्यानंतर नासरेथला जाऊन आईवडिलांच्या आज्ञेत राहिला, असे लूक सांगतो. प्रार्थनासभेत पुढे बसणारा मुलगा घरी बहिणीने वाढलेले ताट तसेच सोडून उठत असेल, तर त्याने योहानाचा तेरावा अध्याय, म्हणजे शिष्यांचे पाय धुण्याचा प्रसंग, वाचून त्याच दिवशी भांडी घासायला बसावे. मुलींना हा उपदेश मी सहसा करीत नाही; त्यांच्या वाट्याला काम आधीच पुरेसे आहे.

खरी परीक्षा आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत होते, कारण तेव्हा कापसाची वेचणी जोरात असते आणि अनेक घरांत वजनाची वही शिकत्या मुलाच्या हाती येते. तुम्ही मजुरी करणारे असाल तर गाठोड्यात ओला कापूस किंवा बोंडांची टरफले दडपून वजन वाढवण्याचा मोह असतो. वावर तुमचे असेल तर काट्यावर 38 किलो 700 ग्रॅम दिसत असताना वहीत 38 लिहिण्याचा मोह असतो. हे दुसरे पाप मी नववीत असताना स्वतः केलेले आहे, आणि त्या वेळी मला ते घरासाठी दाखवलेले शहाणपण वाटले होते. परंतु पाच बायकांचे रोजचे अर्धा-पाऊण किलो महिनाभर कापले गेले, तर ती रक्कम कोणाच्या तरी घरच्या तेलमिठाची असते, आणि त्या बायका हिशेब लिहीत नसल्या तरी तो त्यांना बरोबर कळतो. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो, असे नीतिसूत्रांचा अकरावा अध्याय सुरुवातीलाच सांगतो. म्हणून ज्याच्या हाती वही आहे त्याने तीन गोष्टी कराव्यात : वजन मोठ्याने वाचावे, वेचणाऱ्या बाईला काटा दिसेल असा ठेवावा आणि ग्रॅमही लिहावेत. वडील रागावले तर त्यांच्याशी मजुरांसमोर वाद घालू नये. रात्री जेवण झाल्यावर शांतपणे बोलावे, आणि अगदीच ऐकले नाही तर वही दुसऱ्याकडे द्यावी अशी विनंती करावी.

याच वेचणीच्या संदर्भात लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातली एक आज्ञा मला फार आवडते, कारण ती आपल्या वावरासाठीच लिहिली आहे असे वाटते : शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करू नका, सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेले पीक, वेचू नका, तो गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्या. रूथ ही परदेशी विधवा असाच सरवा वेचून सासूला जगवत होती. शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटीवर राहिलेला कापूस वेचायला कोणी म्हातारी आली तर तिला हुसकावू नये, एवढ्याने ती आज्ञा पाळली जाते. स्वतःच्या मजुरीतून दशमांश द्यायचा असेल तर तो घरी सांगून द्यावा. घरात शाळेची फी थकलेली असताना लपूनछपून दान देण्यात शोभा नाही.

परीक्षेतल्या कॉपीबद्दल लांबण लावण्याची गरज नाही. करू नये. मात्र मित्राने चिठ्ठी पुढे सरकवायला सांगितली तर काय करायचे ते परीक्षेच्या दिवशी ठरवता येत नाही, ते आधीच ठरवून मित्राला सांगून ठेवावे लागते, आणि त्याच दमात त्याला आदल्या महिन्यात गणित समजावून देण्याची तयारीही दाखवावी लागते. दानीएलाने राजाचे अन्न नाकारले तेव्हा त्याने आदळआपट केली नाही. दहा दिवस आमची पारख करून पाहा, असे त्याने अधिकाऱ्याला विनंतीपूर्वक सांगितले. नाही म्हणण्याची ती रीत शिकण्यासारखी आहे.

सणांचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि त्यावर सर्व मंडळ्यांचे एकमत नाही, हे आधी मान्य करतो. पोळ्याचेच पाहा. बैल ख्रिस्ती शेतकऱ्याकडेही आहेत. खांदशेकणीच्या दिवशी त्यांच्या खांद्यांना हळद-तूप लावणे, पोळ्याला त्यांना धुणे, सजवणे, त्या दिवशी कामाला न जुंपणे, यात मला विश्वासाला धक्का देणारे काही दिसत नाही. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके घालू नये, ही आज्ञा बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातच आहे. तोरणाखाली बैल उभे करावेत, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, ऐकाव्यात. पूजेच्या वेळी मात्र आपण बाजूला उभे राहावे. कोणाला एवढेही नको वाटेल, तर त्याच्या मनाचा मान राखावा. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात नेमके हेच म्हटले आहे की, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये.

प्रसादाबाबत करिंथकरांस पहिल्या पत्राचे आठ ते दहा हे अध्याय घरच्यांबरोबर बसून वाचावेत. कोणी जेवायला बोलावले तर चौकशी न करता वाढलेले जेवावे, परंतु हे मूर्तीला अर्पण केलेले आहे असे कोणी स्पष्ट सांगितले तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी ते घेऊ नये, असा पौलाचा सल्ला आहे. घरच्या जेवणावळीत ही रेषा पाळता येते. भंडाऱ्याच्या पंगतीत मात्र आलू-वांग्याच्या भाजीपासून बुंदीपर्यंत सगळा स्वयंपाकच प्रसाद मानला जातो, आणि तिथे आईवडिलांनी व पाळकांनी जे ठरवले असेल त्याप्रमाणे वागावे. नकार द्यायचाच असेल तर तो तोंड फिरवून देऊ नये. "काकाजी, प्रसाद आम्ही घेत नाही, वाईट वाटून घेऊ नका, वाढायला मात्र मला सांगा," असे म्हणून वरणाची बादली हाती घ्यावी. मी पाहिले आहे की, बादली हाती घेणाऱ्या मुलाला दुसऱ्या वर्षी कोणी प्रसादाचा आग्रह करीत नाही, आणि नाताळच्या फराळाला तीच मंडळी आपल्या घरी मोकळेपणाने येतात.

आपल्या भागातली एक गोष्ट लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. नापिकीने आणि कर्जाने खचून गावात कोणी शेतकरी जीव देतो, आणि त्याचा मुलगा किंवा मुलगी तुमच्याच वर्गात असते. अशा वेळी धार्मिक मुलांच्या हातून मोठी चूक होते, ती म्हणजे ते काहीतरी सांगू पाहतात. देवाची इच्छा, पाप, स्वर्ग, नरक यांतला एकही शब्द त्या अंगणात उच्चारू नये. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि कोणी एक शब्दही बोलले नाही. ते बोलायला लागल्यावरच बिघडले. तुम्ही पाणी भरून द्यावे, लहान भावंडांना शाळेत न्यावे, बुडलेल्या तासांच्या वह्या उतरवून द्याव्यात, आणि पंधरा दिवसांनी, बाकीचे लोक येणे थांबल्यावर, पुन्हा जावे. तुमचा मित्र स्वतःच जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलू लागला तर ते गुपित ठेवू नये, त्याच दिवशी विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगावे.

आजारपणाविषयीही एक वाक्य आवश्यक आहे. वावरात साप चावला तर प्रार्थना दवाखान्याच्या वाटेवर करावी, घरी थांबून नव्हे. पौलाचा सोबती लूक हा वैद्यच होता.

मोबाईलवर सकाळी वचनाचे स्टेटस ठेवायचे आणि रात्री गेम खेळताना शिव्या द्यायच्या, हे दोन्ही त्याच चाळीस जणांना कळते. मला विचाराल तर वर्षभर स्टेटस ठेवलेच नाही तरी चालेल. धर्माधर्मांत तेढ लावणारे संदेश, ते आपल्या बाजूचे असले तरीही, पुढे पाठवू नयेत. वर्गात कोणी "तुम्हाला तांदूळ-पैसे मिळाले म्हणून तुम्ही धर्म बदलला का" असे विचारले, तर राग येतोच. पण आपल्या घरात विश्वास कोणत्या पिढीत व कसा आला हे आजोबांकडून नीट विचारून घेतलेले असेल, तर दोन वाक्यांत खरे सांगता येते. विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर द्यावे असे पेत्राने लिहिले आहे, आणि संविधानाचे कलम 25 प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य देते. दुसऱ्यांच्या देवांची किंवा बुद्धवंदनेची टिंगल आपण कधीही करू नये, आणि नोकरी, बरे होणे किंवा परीक्षेतले गुण यांचे आमिष दाखवून कोणाला प्रार्थनेला बोलावू नये. शाळेच्या अर्जावर धर्म व जात काय लिहावी हा प्रश्न अनेक घरांत नाजूक आहे, कारण राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना लागू होत नाहीत. तो प्रश्न सोळा वर्षांच्या मुलाने एकट्याने डोक्यावर घेऊ नये, घरच्या मोठ्यांना त्याचे उत्तर द्यायला लावावे.

शंका येतील. देव ऐकतो का, हा प्रश्न तेराव्या स्तोत्रात "कुठवर, हे परमेश्वरा" असाच विचारलेला आहे, तेव्हा तो विचारल्याने कोणी अविश्वासू ठरत नाही. पाळकांना, शिक्षकांना किंवा वाचणाऱ्या एखाद्या मावशीला विचारावा. परंतु प्रार्थनेच्या वा समुपदेशनाच्या नावाखाली कोणी एकांतात बोलावून घरी सांगू नकोस असे म्हणत असेल, अंगाला हात लावत असेल, तर तो माणूस कितीही मोठा असो, लगेच घरी सांगावे. घरी सांगणे शक्य नसेल तर 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

या सगळ्यात तुमच्या हातून चुका होणारच. त्या झाल्यावर काय करायचे, याबाबत मत्तयाचा पाचवा अध्याय अगदी व्यवहारी आहे : वेदीजवळ दान आणल्यावर आठवले की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. आपल्याकडे मात्र उपासना तालुक्याला आणि भाऊ गावात, अशी पंचाईत असते; तिथे पोचल्यावर आठवले तर परतीची गाडी दुपारी दोनला. म्हणून क्षमा मागायची असेल, वहीतले कापलेले ग्रॅम परत करायचे असतील, आईशी धरलेला अबोला सोडायचा असेल, तर ते शनिवारी दिवेलागणीलाच उरकून घ्यावे. रविवारी सकाळी सातची एसटी कोणासाठी थांबत नाही.