रास्पबेरी पायमधल्या मेमरी कार्डाचा वेग मोजायचा कसा

देवगड परिसरातल्या हापूसच्या बागांत तापमान आणि आर्द्रता नोंदवणारे रास्पबेरी पाय (छोटे संगणक, पुढे नुसतं 'पाय') बसवून द्यायचं काम मी करतो. दर मिनिटाला एक नोंद, एसक्यूलाइट या डेटाबेसच्या फाइलीत. पायचा डबा रडायला, म्हणजे अडखळायला, लागला की माझा पहिला संशय कार्डावर. गिऱ्हाईक मात्र कार्डाचं पाकीट पुढे करतं, "हेच्यावर शंभर लिवलेला आसा, मगे?"

आसा. पण तो सेकंदाला शंभर एमबीचा आकडा सलग वाचनाचा, तोही कंपनीला सोयीच्या रीडरवरचा. पाय ४ ची कार्डाची बसच (डेटा जायचा रस्ता) सेकंदाला ५० एमबीची, हातात चाळीसच्या आसपास पडतात. पाय ३ वर त्याच्या निम्मे. पाय ५ ची बस १०४ पर्यंत जाते. कार्ड कुठल्या मोडमध्ये लागलंय ते डीएमेसजी (dmesg) या कमांडच्या आउटपुटमध्ये एमएमसीच्या (mmc) ओळीत दिसतं. पाय ४ वर तिथे डीडीआर५० (DDR50, तोच ५० एमबीचा मोड) हवं.

आपल्या कामाला सलग वेग फारसा लागतच नाही. नोंदी म्हणजे चार-चार केबीचे तुकडे, कार्डभर विखुरलेले. त्यासाठी पाकिटावर ए१ (A1) हा दर्जा बघा: सेकंदाला किमान १५०० रँडम रीड (विखुरलेली वाचनं) आणि ५०० रँडम राइट (विखुरलेली लिखाणं). ए२ ला हेच आकडे ४००० आणि २०००, पण त्यासाठी कमांड क्यूची (कार्डाला अनेक कामं एकदम रांगेत द्यायची) सोय बोर्डाकडेही लागते आणि पाय ४ कडे ती नाही. तिथे ए२ साठी जादा पैसे मोजू नका.

नवीन कार्ड आधी लॅपटॉपवर एफ३ (F3) या प्रोग्रॅमने तपासा. ते कार्ड पूर्ण भरून परत वाचतं, ६४ जीबीला तास सहज जातो. जाऊ द्या. बाजारात ६४ लिहिलेली ८ जीबीची कार्डंही फिरतात, आणि त्यांचा वेग मोजून काय करणार?

मग पायवर. टर्मिनलवर vcgencmd get_throttled ही कमांड चालवा, वीज कमी पडून किंवा तापून पाय हळू झालाय का ते ती सांगते. उत्तर शून्याखेरीज काही आलं तर आधी पॉवर सप्लाय बघा किंवा डबा पत्र्याखालून सावलीत आणा, नाहीतर कार्डाऐवजी चार्जरचीच परीक्षा होईल. नोंदी घेणारा प्रोग्रॅमही थांबवा.

घाईत असाल तर पाय ओएसमधलं डायग्नॉस्टिक्स चालवा, ते ए१ च्या निकषांवर पास-नापास सांगतं. मी एफआयओ (fio) हा मोजणीचा प्रोग्रॅम वापरतो. रँडम राइट, ब्लॉक ४ केबी, क्यू डेप्थ १ (एका वेळी एकच काम), फाइल अर्ध्या जीबीची, वेळ पाच मिनिटं. डायरेक्ट पर्याय चालू हवाच, नाहीतर लिखाण रॅममध्ये जमतं आणि आकडा बघून माणूस उगाच खूश होतो. डीडी (dd) ही कॉपीची कमांड वापरणाऱ्यांची हीच गत होते. डीडीला निदान एफसिंक (लिखाण कार्डावर पोचेपर्यंत थांबणं) तरी सांगा. फाइल होम फोल्डरमध्ये करा. टेम्प (/tmp) फोल्डर नको, काही सिस्टीमवर तो रॅममध्येच असतो. आणि एफआयओला फाइलऐवजी थेट कार्डाच्या डिव्हाइसचं नाव दिलंत तर सगळी सिस्टीम पुसली जाईल.

पाच मिनिटं अशासाठी की पुष्कळ कार्डं सुरुवातीला जोरात पळतात आणि आतला वेगवान भाग भरला की बसतात. सरासरीबरोबर सर्वात जास्त लेटन्सीही (एका राइटला लागलेला वेळ) बघा. सरासरी छान, पण मध्येच एक राइट सेकंदभर अडकलेला, असं कार्ड मी बागेत लावत नाही. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि नेमक्या त्या सेकंदात गेली तर डेटाबेसचं काही खरं नसतं.

मोजणी एकाच पायवर, त्याच चार्जरवर दोन-तीनदा करा, उगाच दिवसभर नको. प्रत्येक चाचणीत कार्ड झिजतंच. आकडा आणि तारीख डब्याच्या झाकणाच्या आतून मार्करने लिहा. मिरगाच्या आधी पुन्हा मोजा. आकडा आधीच्या निम्म्यावर आला असेल तर कार्ड काढून संपर्काच्या पट्ट्या बघा. खाऱ्या हवेने स्लॉट काळवंडतो, आणि तसं झालं असेल तर कार्ड बदलूनही फरक पडणार नाही. पट्ट्या स्वच्छ असतील तर मात्र नवीन कार्ड घ्या, जुन्यावर नोंदींचा भरवसा ठेवू नका.